तू काय पाळतोस?

पूर्वी शिरीषवती नगरीत महीसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कारापालाच्या, म्हणजे बंदिशाळेच्या रखवालदाराच्या, कुळात जन्मला होता, ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सांगितली ती भिक्षू नंदिल तणतणत विहारात परतला त्या संध्याकाळी.

हा नंदिल नगरातल्या बंदिशाळेत जाऊन बंद्यांना शील, म्हणजे सदाचाराचे नेम, देत असे. शील घेणाऱ्या प्रत्येकाला एका श्रीमंत उपासकाच्या वतीने गुळाचा एक खडा मिळे. त्या दिवशी एका बंद्याने तीनदा रांगेत उभे राहून तीनदा शील घेतले होते आणि तीन खडे नेले होते. "भगवन्," नंदिल म्हणाला, "या लोकांना धर्म नको आहे, गूळ हवा आहे. तो काही सांगू लागला, पण मी त्याला सगळ्यांदेखत ढोंगी म्हटले आणि हाकलून दिले. उद्यापासून मी तिकडे पाऊल टाकणार नाही." विहाराचे अंगण झाडणारा भिक्षू कोद्रव खराटा हातात धरून ऐकत उभा राहिला. शास्ते नंदिलाला म्हणाले, "बैस. असाच मीही एकदा वैतागलो होतो." आणि त्यांनी ही कथा सांगितली.

शिरीषवतीची बंदिशाळा उत्तरवेशीबाहेर, नदीच्या दरडीवर होती. आत त्रेसष्ट बंदी होते. बोधिसत्त्वाचा आजा कारापाल होता, बाप कारापाल होता, म्हणून तोही कारापाल झाला. त्याने बंदिशाळेतली मारझोड थांबवली. भातात खडे निघाले तर कोठाऱ्याला बोलावून त्याच भाताचा पहिला घास त्याला खायला लावला. आजारी बंद्यांच्या बेड्या तो स्वतःच्या जबाबदारीवर काढी. माणूस न्यायी होता. पण पारमिता, म्हणजे बुद्ध होण्यासाठी लागणारे गुण, काही एका जन्मात भरत नसतात. त्या जन्मी त्याच्या कपाळावर कायम आठी असे, आणि मूर्खपणा दिसला की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. बंदिशाळेत मूर्खपणाला तोटा नसतो, आणि तो सगळा बंद्यांचाच असतो असेही नाही.

महीसेन राजाला पुण्याची फार हाव होती. एके दिवशी त्याचा पुरोहित विश्ववसू त्याला म्हणाला, "महाराज, प्रजेच्या पुण्याचा सहावा वाटा राजाला मिळतो, हे आपण जाणताच. पण बंदिशाळेत त्रेसष्ट माणसे नुसती बसून आहेत. ना दान, ना उपास, ना नेम. एवढे शेत पडीक पडले आहे!" हे पडीक शेत राजाच्या जिवाला लागून राहिले. त्याने आज्ञा काढली. प्रत्येक बंद्याला विचारावे की तू काय पाळतोस. जो जे व्रत पाळत असेल ते ताडाच्या पानावर लिहावे. व्रताच्या दिवशी त्याची बेडी काढावी, आणि व्रतात जो आहार सांगितला असेल तोच त्याला द्यावा. सर्वांत कठीण व्रत पाळणाऱ्या एका बंद्याला कार्तिकी पौर्णिमेला मुक्त करावे.

बोधिसत्त्व राजापुढे जाऊन उभा राहिला. "महाराज, बेडी काढायची तर खुशाल काढा. पण ती व्रताला कशाला बांधता? उद्या माझ्याकडे त्रेसष्ट साधू होतील."

"मग चांगलेच झाले की," राजा म्हणाला.

बोधिसत्त्व परत निघाला, तो वाटभर एकटाच बडबडत होता.

तोवर बंदिशाळेत व्रत पाळणारे दोघेच होते. एक म्हातारा सकाळी सूर्याला हात जोडी, आणि एक कोळी नदीचा आवाज आला की कपाळाला हात लावी. त्यांना कुणी विचारत नसे आणि तेही कुणाला सांगत नसत. आज्ञा निघाली त्या आठवड्यात मात्र धर्माला असा काही बहर आला की विचारू नये. कुणी अष्टमी धरली, कुणी चतुर्दशी. एकाने नागाचे व्रत घेतले, एकाने वेशीजवळच्या पिंपळावरच्या यक्षाचे. एकाने वायव्य दिशेचे व्रत घेतले. त्याला दिवसभर वायव्येकडे तोंड करून बसावे लागे, आणि वायव्येला स्वयंपाकघर होते. एक जण न्यायाधीशापुढे त्याची चौकशी ठरली त्याच सकाळी मौनी झाला. एकाने अखंड उभे राहण्याचे व्रत घेतले आणि दुसऱ्याने अखंड पडून राहण्याचे, आणि हे दोघे एकाच साखळीत होते.

या साऱ्या व्रतांचा आचार्य होता कुंभिल. हा नगरातला नावाजलेला घरफोड्या. कुठल्या भिंतीला कुठे भोक पाडावे हे जसे त्याला कळे, तसेच कुठल्या व्रतातून काय निघेल हेही त्याला लगेच कळले. ज्याला जे झेपेल ते व्रत तो सुचवी. स्वतः त्याने दुग्धव्रत घेतले. रोज मोठी वाटी भरून दूध, दुसरे काही नाही.

"या वयात तुला दुधाची आठवण झाली?" बोधिसत्त्वाने विचारले.

"स्वामी, श्रद्धा काय वय बघून येते?" कुंभिल डोळे मिटून म्हणाला.

बोधिसत्त्वाने कपाळावर हात मारला.

व्रते लिहून घ्यायला मित्रक नावाचा लेखक आला होता. तो पुरोहिताचा शिष्य होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि लिहिताना त्याची मान कधी वर होत नसे. आश्विनाच्या पहिल्या दिवशी त्याच्यासमोर तिंदुक येऊन बसला.

तिंदुक हा डोंगरपट्टीतला शेळ्या राखणारा. आषाढात एका दुपारी राजाच्या उपवनाशेजारी त्याचा डोळा लागला, आणि त्याच्या शेळ्या कुंपणातून आत शिरल्या. राजाने राज्याभिषेकाच्या दिवशी स्वतःच्या हाताने लावलेली चंदनाची रोपे त्यांनी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत फस्त केली. राजाने तिंदुकाला बारा वर्षे बंदीत घातले. डोंगरावर त्याच्या एकोणीस शेळ्या होत्या आणि घरी बायको होती. तिचे दिवस कार्तिकात भरत होते. त्याचे पहिलेच मूल होते, आणि बाप घरी येईल तेव्हा ते बारा वर्षांचे झालेले असणार होते.

"काय पाळतोस?" मित्रकाने विचारले.

"शेळ्या," तिंदुक म्हणाला.

मित्रकाची लेखणी थांबली. गाईसारखे राहणारे गोव्रती असतात, कुत्र्यासारखे राहणारे श्वानव्रती असतात, हे त्याने गुरूकडून ऐकले होते. शेळीचे व्रत पाळणारा अजव्रती त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

"केव्हापासून?"

"बापजाद्यापास्नं, जी."

मित्रकाने 'कुलपरंपरेने' असे लिहिले. "आहार काय?"

"पाला. बोरीचा, बाभळीचा. उंबराचा असला तर लई आवडीनं."

"धान्य?"

"न्हाई न्हाई! धान खाल्लं की पोट फुगतं. मरायची पाळी येती."

"मीठ?"

"पंधरा दिसांनी एकदा. चाटन्यापुरतं."

"आणि रात्री?"

"रात्री बसल्या जागी रवंथ."

मित्रकाच्या अंगावर काटा आला. एवढे घोर व्रत त्याने कुठल्या ग्रंथातही वाचले नव्हते. त्याने शेवटचा प्रश्न विचारला, "याचे फळ काय मिळते?"

तिंदुकाला घर आठवले. "दूध मिळतं, जी," तो म्हणाला. "पोरंबाळं वाढत्यात त्याच्यावर."

'फळ: संततीची वृद्धी,' मित्रकाने लिहिले, आणि पुढच्या बंद्याला हाक मारली. त्याने एकदा मान वर केली असती तर त्याला खांद्यावरची घोंगडी दिसली असती, काठी धरून तळहाताला पडलेले घट्टे दिसले असते. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या दिसत नाहीत, मग राखणारा कुठून दिसणार?

आता स्वयंपाकघराचे ऐका. तिथे शालिका नावाची प्रौढ बाई रांधत असे. आधी ती एका हंड्यात भात आणि एका हंड्यात वरण शिजवी आणि मोकळी होई. आता तिच्या नाकी नऊ आले. नागव्रत्याला मीठ चालते का, यक्षव्रत्याला लसूण चालते का, अष्टमीवाल्याने सप्तमीच्या संध्याकाळी काय खावे, हे विचारायला ती दिवसातून दहादा बोधिसत्त्वाकडे येई. त्याला यातले काही ठाऊक नव्हते. ते कुणालाच ठाऊक नव्हते, कारण निम्मी व्रते कुंभिलाने त्याच आठवड्यात रचलेली होती.

त्या दिवशीही शालिका आली. नेमका त्याच सकाळी उभा व्रती आडव्या व्रत्याच्या अंगावर कोसळला होता आणि दोघांचा मिळून एक दात पडला होता. वायव्यव्रती तक्रार करून गेला होता की फोडणीच्या वासाने आपले ध्यान मोडते, तरी फोडणी त्याच्यासमोर आणून द्यावी. मौनी मनुष्य हातवारे करून काहीतरी मागत होता आणि कुणाला कळले नाही म्हणून चिडला होता.

"स्वामी," शालिका म्हणाली, "तो डोंगरातला माणूस आहे ना, त्याच्या पानावर तर—"

"पानावर जे लिहिले असेल ते वाढ!" बोधिसत्त्व ओरडला. "मला विचारायला येऊ नकोस! कुणीच येऊ नका! देव नको, नाग नको, यक्ष नको, मला आता कुणाचे नावसुद्धा ऐकायचे नाही!"

हे सगळ्या बंदिशाळेने ऐकले. शालिका मुकाट्याने गेली, आणि पानावर लिहिले होते ते तिने वाढले. तिंदुकाच्या पुढे बोरीच्या पाल्याची पेंढी आली.

त्या दिवसापासून बोधिसत्त्व बंद्यांमध्ये फिरेनासा झाला. सकाळी दारे उघडली, संध्याकाळी दारे लावली, मधल्या वेळात दरडीवर बसून नदीकडे पाहिले. धर्माचा एवढा तमाशा त्याला बघवत नव्हता.

कार्तिकातल्या दशमीला पुरोहित विश्ववसू व्रतांची परीक्षा घ्यायला आला. उपास करूनही गाल गुबगुबीत झालेले उपासकरी पाहून त्याचे समाधान होईना. मग मित्रकाने त्याला कोपऱ्यात नेले. तिथे तिंदुक भिंतीला टेकून पाला चघळत बसला होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. पुरोहिताने पानावरचा मजकूर वाचला आणि हात जोडले. व्रतभंग होऊ नये म्हणून त्याने एक शब्दही विचारला नाही. बाहेर येऊन तो बोधिसत्त्वाला म्हणाला, "कारापाला, तू धन्य आहेस. तुझ्याकडे अजव्रती आहे! पौर्णिमेला तो सुटेल, आणि असा व्रती जिथे निपजला तिथल्या कारापालाला राजा गाव इनाम देईल, ही माझी हमी."

बोधिसत्त्वाला वाटले, झाले, आता हा सगळ्या ढोंग्यांचा राजा. पुरोहित जाताच तो तरातरा त्या कोपऱ्यात गेला.

"पुरे कर आता," तो तिंदुकाला म्हणाला. "आता कुणी बघत नाही. आणखी किती दिवस हे चालवणार आहेस?"

"बारा वर्सं म्हनत्यात, धनी," तिंदुक म्हणाला.

"काय बारा वर्षे?"

"पाला."

बोधिसत्त्वाला काही कळेना. तिंदुक उठायला गेला, पण त्याला उठता आले नाही, म्हणून तो बसूनच बोलला. "माज्या शेळ्यांनी राजाचा पाला खाल्ला, म्हनून राजानं मला पाल्यावर ठिवलं. राजा न्यायी हाय. शेळ्यांची काय चूक? झोपलो म्या. आधी म्या शेळ्यांनाच शिव्या द्यायचो. आता रोज पाला चावताना ध्येनात येतं, की झोपलो म्या."

"लिहिणाऱ्याला तू काय सांगितलेस?"

"त्यानं इचारलं, काय पाळतोस. म्या म्हनलं, शेळ्या."

बोधिसत्त्व त्याच्यासमोर जमिनीवर बसला. शालिकेचे तोडलेले वाक्य त्याला आठवले. त्या डोंगरातल्या माणसाच्या पानावर तर पाला लिहिला आहे, एवढेच तिला सांगायचे होते. सगळ्यांची सोंगे ओळखणारा म्हणून तो स्वतःवर खूश होता, आणि खरा उपाशी त्याच्या भिंतीला टेकून चाळीस दिवस बसला होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

"चाळीस दिवस नुसत्या पाल्यावर माणूस जगत नाही," तो म्हणाला. "तू जगलास कसा?"

तिंदुक खाली बघत राहिला. तेव्हा पलीकडून कुंभिल म्हणाला, "त्याला नका विचारू. कुणाला न सांगण्याची त्याने शपथ घेतली आहे. मी सांगतो, मग मला काय शिक्षा करायची ती करा. माझ्या वाटीतले अर्धे दूध त्याला जायचे. नागव्रती लाह्या द्यायचा. यक्षाच्या नैवेद्याचा भात हा वायव्येचा पोचवायचा, कारण त्याला दुसरीकडे बघायलाच बंदी, त्यामुळे त्याच्यावर कुणी संशय घेत नसे. उभ्याने आणि आडव्याने केळी दिली. तीही साखळीतून सरकत येऊन."

"मग माझ्याकडे का आला नाहीत?"

"तुमच्याकडे?" कुंभिलाने त्याच्याकडे नीट पाहिले. "आम्हाला वाटले ही शिक्षा तुमचीच आहे. पानावर लिहिले ते वाढ म्हणून तुम्हीच ओरडलात. आणि कुणी विचारायला येऊ नका, हेही तुम्हीच म्हणालात."

बोधिसत्त्वाने विचारले, "आणि तुझे ते दुग्धव्रत?"

"व्रत खोटे होते, स्वामी," कुंभिल म्हणाला. "दूध खरे होते."

बोधिसत्त्व स्वयंपाकघरात गेला. त्याने शालिकेची क्षमा मागितली, तिच्याकडून पातळ पेज करून घेतली आणि स्वतःच्या हाताने तिंदुकाला पाजली. एकदम भात दिला असता तर त्याचे पोट खरोखरच फुगले असते.

मित्रकाला जेव्हा झाला प्रकार समजला तेव्हा तो धावत बोधिसत्त्वाकडे आला. "स्वामी, कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "चूक झाली, पण चांगलीच झाली. हा सुटेल, तुम्हाला गाव मिळेल, माझे नाव राहील. कुणाचे काय बिघडते? राजा विचारील, काय पाळतोस. याने फक्त अजव्रत म्हणायचे."

बोधिसत्त्वाला हे सहज उडवून लावता आले नाही. डोंगरावरची बायको आजउद्या बाळंत होणार होती. एक शब्द बोलला की तिंदुक घरी, नाही तर बारा वर्षे. तो तिंदुकाजवळ बसला आणि त्याने त्याला सगळे समजावून सांगितले. "खोटे बोल, असे मी तुला म्हणणार नाही," तो म्हणाला. "आणि खरेच बोल, असे सांगायला मला तोंड नाही. पाला तू खाल्ला आहेस. एवढे मात्र ठेव, की राजाने मला विचारले तर मी खरे तेच सांगेन. ते गाव मला नको."

तिंदुकाने विचार केला. "जमलं तर म्हनीन," तो म्हणाला, आणि पाच दिवस तो शब्द घोकत बसला. अजवरत. अजवरत.

पौर्णिमेला राजसभा भरली. सगळे बंदी बेड्यांसह बाहेर ओळीने उभे होते. पुरोहिताने अजव्रताचे माहात्म्य सांगितले, आणि ते त्याने फारच छान सांगितले. राजाचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या पुण्याचा सहावा वाटा आपला, या विचाराने त्याला भरते आले होते. तो सिंहासनावरून पुढे वाकला आणि मायेने म्हणाला, "काय रे बाबा, काय पाळतोस?"

तिंदुकाने तोंड उघडले. घोकलेला शब्द जिभेवर आला होता, पण तो पाल्याच्या बोळ्यासारखा तोंडात घोळत राहिला. कितीतरी दिवसांत त्याला कुणी इतक्या मायेने काही विचारले नव्हते.

"शेळ्या, महाराज," तो म्हणाला. "एकोणीस हायती. त्यातल्या दोन गाभण हुत्या. आता कुठं पाळतो? त्या तिकडं ऱ्हायल्या, म्या हितं."

सभेत कुणीतरी हसले. राजाच्या कपाळावर आठी चढली. "मग तो पाला?"

"त्यो काय पाळायचा म्हनून न्हाई खाल्ला. तुमी दिलेली शिक्षा म्हनून खाल्ला."

"मी? मी असली शिक्षा कधीच दिली नाही!"

विश्ववसूचा चेहरा उतरला होता, पण तो लगेच सावरला. "महाराज, हा दांभिक आहे!" तो गरजला. "व्रताचे सोंग घेऊन याने राजाला फसवले. याची जीभ कापावी." शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड, तशातली ही गत. मित्रक खांबाआड सरकला. तिंदुकाला अजून नेमके काय झाले ते कळले नव्हते. त्याला एवढेच कळले की आपण घरी जात नाही.

तेव्हा बोधिसत्त्व पुढे आला. "महाराज, याने कुणाला फसवले नाही. याने शेळ्या म्हटले आणि आम्ही व्रत ऐकले. पानावर पाला लिहिला गेला हे मला सांगायला स्वयंपाकीण आली होती. मी तिचे वाक्य पुरे होऊ दिले नाही, तिच्यावर ओरडलो. पाला याला मी खायला घातला. जीभ कापायचीच तर माझी कापा. वाईट तीच बोलली आहे."

"आणि बाकीची बासष्ट व्रते?" राजाने विचारले.

"एक म्हातारा आणि एक कोळी सोडले, तर सगळी खोटी, महाराज."

"म्हणजे माझ्या वाट्याला काहीच आले नाही!" राजा संतापून उठला.

"आले ना," बोधिसत्त्व म्हणाला. "प्रजेच्या पुण्याचा सहावा वाटा राजाला येतो, तसा पापाचाही येतो. हे सांगायचे राहून गेले असावे. एक निरपराध माणूस चाळीस दिवस उपाशी होता, त्याचा सहावा वाटा आपला आहे. आणि ज्या चोराने आपल्या खोट्या व्रतातले अर्धे दूध त्याला दिले, त्या दुधाचाही सहावा वाटा आपलाच आहे. दोन्ही घ्यावे लागतील." मग तो ही गाथा म्हणाला:

सुटकेसाठी जे व्रत धरिले, तीही एक बेडी;
पानावरले पुण्य, राजा, भूक कुणाची न मोडी.
उपाशी शेजारी पाहून ज्याने अर्धी वाटी दिली,
न विचारताच त्याच्या कोठडीत धर्माने वस्ती केली.

राजा पुन्हा बसला. हाव होती तरी तो वाईट माणूस नव्हता. तो बराच वेळ तिंदुकाच्या बरगड्यांकडे बघत राहिला. "याच्या शेळ्यांनी माझा पाला एक दुपार खाल्ला," तो शेवटी म्हणाला. "याने चाळीस दिवस खाल्ला. फिटले. सोडा याला." मग त्याने बोधिसत्त्वाला विचारले, "पण सर्वांत कठीण व्रत पाळणारा कोण, ते राहिलेच. तूच सांग."

"मला सांगता येणार नाही, महाराज. पंचवीस वर्षे मी यांच्यात काढली, पण कुणाच्या मनात काय चालते ते मला मोजता आले नाही. या चाळीस दिवसांत तर मुळीच नाही. उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उपासाच्या, दिवशी सगळ्यांच्याच बेड्या काढा, पाळणाऱ्याच्या आणि न पाळणाऱ्याच्याही. आधी सगळ्यांना भात द्या. आणि तू काय पाळतोस, हे कुणाला विचारू नका. ज्याला पाळायचे आहे तो न विचारताच पाळतो."

राजाने तसे केले. त्याच दुपारी बासष्ट बेड्या दिवसापुरत्या निघाल्या. तिंदुकाची कायमची निघाली. तो डोंगरावर पोचला तेव्हा त्याची मुलगी चार दिवसांची होती, आणि एकोणीस शेळ्यांच्या बावीस झाल्या होत्या.

बोधिसत्त्वाने कुणाला न सांगता चाळीस दिवस मिठाशिवाय पाला आणि पातळ पेज खाल्ली. बोरीचा पाला घशाला किती खरखरतो, ते त्याला तेव्हा कळले. त्याच्या कपाळावरची आठी त्या जन्मात काही गेली नाही. पण विचारायला येऊ नका, असे तो पुन्हा कुणाला म्हणाला नाही. दुसऱ्याच दिवशी कुंभिल विचारायला आला, की व्रते बंद झाली तर आता दूधही बंद झाले का. बोधिसत्त्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने त्याचे पूर्ण ऐकून घेतले, आणि मग त्याला अर्धी वाटी दूध दिले.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी त्या जन्मीचे लोक आज कोण आहेत, याची ओळख पटवून दिली. "पुण्याचा लोभ धरणारा महीसेन राजा म्हणजे आज बंदिशाळेत गूळ वाटणारा उपासक. शेळ्या राखणारा तिंदुक म्हणजे हा खराटा धरून उभा असलेला कोद्रव. मान वर न करणारा लेखक मित्रक म्हणजे तू, नंदिला. आणि तो वैतागलेला कारापाल मी होतो."

नंदिलाने मान खाली घातली. मग त्याने विचारले, "आणि कुंभिल, भगवन्?"

"त्या बंद्याने तीन खडे नेले," शास्ते म्हणाले. "त्यातला एक त्याचा. बाकीचे दोन कुठे गेले, ते विचारलेस?"

"नाही, भगवन्."

"मग कुंभिल कोण, ते मला कशाला विचारतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिल बंदिशाळेत गेला. रांगेकडे न जाता तो आतल्या अंधाऱ्या कोठडीपर्यंत गेला. बेड्यांनी पाय सुजून रांगेपर्यंत चालू न शकणारे दोन म्हातारे तिथे पडले होते. दोघांच्या बोटांना गूळ चिकटलेला होता. त्यांच्यापाशी कालचा तो बंदी बसला होता. नंदिलाला पाहताच, पुन्हा हाकलले जाणार म्हणून तो उठू लागला. नंदिल त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "काल तुझे बोलणे अर्धे राहिले होते. सांग."

चीड आलेली असतानाही समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, यालाच क्षांती म्हणतात.